फुटलेलं हस्तलिखित

प्रिय शमे,

तुझ्या कादंबरीचा खर्डा व्हॉट्सॲपवर फुटला आणि आता तू फाइलच डिलीट करणार आहेस, हा तुझा मेसेज रात्री वाचला. फोनच केला असता, पण तू रडली असतीस आणि मी भडकले असते, त्यातून निघालं काहीच नसतं. म्हणून हे लांबलचक पत्र. ईमेलने पाठवतेय, पण सावकाश वाच.

आठ प्रकरणांची पीडीएफ आधी तुमच्या गावच्या ग्रुपवर, तिथून माहेरच्या, तिथून कुठल्याशा वाचनकट्ट्यावर. कादंबरी अर्धीसुद्धा झालेली नाही आणि लोक तुला ‘शेवट पटला नाही’ म्हणून कळवतायत! त्यावर मी हसले, खोटं कशाला बोलू. पण काकूंनी स्वतःला ओळखलं ते वाचून हसू गेलं. खर्ड्यात खरी नावं राहतातच. माझ्या टेबलावर येणाऱ्या हस्तलिखितांतसुद्धा कुठेतरी एखादी खरी वहिनी, खरा तलाठी निसटून आलेला असतो, आणि प्रुफं वाचताना आम्ही लेखकाला विचारतो, हे असंच ठेवायचंय का. तुझ्या बाबतीत ते विचारायची वेळच कुणी येऊ दिली नाही. काकूंकडे मात्र तू स्वतः जा. फोनवर नको.

आता फाइल डिलीट करण्याबद्दल. तुला स्टेफनी मेयर आठवत असेलच. त्या अमेरिकन लेखिकेच्या ‘ट्वायलाइट’ या व्हॅम्पायर-प्रेमकथांच्या मालिकेची पारायणं तू करायचीस आणि नावं मी ठेवायची. अजून ठेवते, तो व्हॅम्पायर नायक एडवर्ड मला कधी झेपला नाही. पण त्या बाईवर हाच प्रसंग आला होता.

२००८ चा ऑगस्ट. चौथा भाग त्याच महिन्यात बाजारात आलेला, पहिल्या भागावरचा सिनेमा नोव्हेंबरात यायचा होता. पहिल्याच भागाची गोष्ट ती एडवर्डच्या बाजूने पुन्हा लिहीत होती, ‘मिडनाइट सन’. बारा प्रकरणं झाली होती. मोजक्याच प्रती तिच्या हाताबाहेर गेल्या होत्या. सिनेमाच्या दिग्दर्शिकेला आणि एडवर्डचं काम करणाऱ्या नटालाही पात्र समजावं म्हणून तिने मजकूर वाचायला दिला होता. आणि तो खर्डा इंटरनेटवर आला. तिची प्रत्येक प्रत दुसरीपेक्षा कुठेतरी वेगळी होती, त्यामुळे तो कुठून फुटला याचा तिला अंदाज होता. तिने तसं सांगितलं, हेतू वाईट नसावा असंही म्हणाली, पण नाव घेतलं नाही. तू ग्रुपवर नाव टाकायच्या तयारीत आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहिते. चौघांना दिलं होतंस, त्यातली एक मी. उरले तिघे. ज्याच्याकडून गेलं त्याला एकटं गाठ आणि हवं तेवढं बोल. चारचौघांत नको, कारण नाव आलं की ज्यांनी अजून पीडीएफ उघडली नाही तेही उघडतील.

मेयरचीही नेमकी हीच अडचण होती. तक्रार करावी तर आणखी लोक शोधायला जाणार. २८ ऑगस्टला तिने तो अर्धा खर्डा स्वतःच आपल्या संकेतस्थळावर ठेवला. कच्चा आहे, चुका आहेत, तुम्ही वाचू नये असंच मला वाटतं, हेही त्याच निवेदनात लिहिलं. पण प्रामाणिक राहिलेल्या वाचकालाच उपाशी राहावं लागू नये, म्हणून दिला. शिवाय हा लेखक म्हणून आणि माणूस म्हणूनही माझ्या हक्कांवरचा घाला आहे, हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. मला ते आवडलं. पण तू तिचं अनुकरण करू नकोस, बाई! तिचे वाचक जगभर होते, तो खर्डा मरणार नव्हता. तुझी पीडीएफ पंधरा दिवसांत सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाईल.

मग तिने लिहिणं थांबवलं. या मनःस्थितीत लिहिलं तर खलनायक जिंकेल आणि एडवर्डचं सगळं कुटुंब मरेल, असं म्हणाली. विनोद होता, पण रागही होता. त्याच वर्षी एका मुलाखतीत तिने जे सांगितलं ते मला जास्त खरं वाटतं. त्या हस्तलिखितासोबत आता आपण एकट्या नाही, आणि एकटं असल्याशिवाय आपल्याला लिहिता येत नाही. लोक ते विसरले की गुपचूप परत जाऊ.

शमे, तुझं दुखणं हेच आहे असं मला वाटतं. मजकूर चोरीला गेला म्हणतेस, पण मजकूर तर तुझ्याकडे आहेच, एक ओळ कमी झालेली नाही. गेलाय तो एकांत. आता नववं प्रकरण लिहायला बसलीस की काकू, नणंदा, वाचनकट्ट्यावरचे ते ‘थोडं संक्षिप्त करा’वाले गृहस्थ, सगळे खोलीत येऊन बसणार. त्यांना घालवायला वेळ लागतो. फाइल पुसून ते जात नाहीत.

मेयरला किती लागला बघ. मध्ये २०१५ मध्ये आणखी एक गंमत झाली. तिच्याच पात्रांवरच्या एका वाचकलिखित कथेतून उगवलेली ‘फिफ्टी शेड्स’ची मालिका होती ना, तिच्या लेखिकेने नायकाच्या बाजूने तीच गोष्ट पुन्हा सांगणारं पुस्तक काढलं. म्हणजे मूळ कल्पना जिची, तिचं पुस्तक बासनात आणि तीच क्लृप्ती दुसरीच्या नावाने दुकानात. मेयर वैतागलीच. तरी शेवटी ४ ऑगस्ट २०२० ला ‘मिडनाइट सन’ आलं, साडेसहाशेहून जास्त पानांचं. पहिल्याच आठवड्यात उत्तर अमेरिकेत दहा लाख प्रती खपल्या. बारा वर्षं जुना, सगळ्यांनी अर्धा वाचलेला मजकूर! पुस्तक मला कंटाळवाणं वाटलं, तो मुद्दा वेगळा. वाचकांना पूर्ण झालेलंच हवं होतं. तू बारा वर्षं घ्यावीस असं मी म्हणत नाही, तोवर माझे डोळे जातील.

स्पर्धेचं विचारलंस, ‘पूर्वप्रकाशित’ म्हणून बाद होईल का. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं पाचवं कलम वाच. हक्कधारकाच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध झालेली कृती प्रकाशित मानली जात नाही. हक्कही तुझाच, नोंदणी केलेली नसली तरी. प्रवेशिकेसोबत आयोजकांना दोन ओळींत झालेलं कळव, लपवू नकोस.

आणि कुणी ईमेलवर ‘पुढची प्रकरणं पाठवा’ म्हटलं तर पत्ता अक्षर अक्षर लावून वाच. जानेवारी २०२२ मध्ये न्यू यॉर्कच्या विमानतळावर एका इटालियन तरुणाला पकडलं. प्रकाशन व्यवसायातलाच होता. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी ठेवून खोटे पत्ते बनवायचा, आणि हजाराहून अधिक अप्रकाशित हस्तलिखितं त्याने मागवून घेतली. विकली नाहीत, कुठे टाकली नाहीत. वाचायची होती म्हणे! मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटेल अशी लबाडी, म्हणून मला त्याचा जरा जास्तच राग आहे.

तर सध्या एवढं कर. फाइल पेनड्राइव्हवर घे आणि तो पेनड्राइव्ह मला कुरिअर कर, म्हणजे रात्री दोन वाजता तुझा हात डिलीटकडे गेला तरी बिघडणार नाही. नावं बदलायची यादी मी करते. कुळकर्णी गुरुजींचं नाव नुसतं बदलून भागणार नाही, त्यांचा पाय आणि सायकलही बदलावी लागेल, गावात तसे ते एकटेच होते. मीराचं घर सोडणं आठव्यात फार लवकर येतं असं मला वाटतं, पण त्यावर आत्ता बोलायचं नाही.

काकूंकडे जाऊन आलीस की कळव. रविवारी मी घरीच आहे.

तुझी,
सुमा