मावशी, तुम्ही बघितलंत म्हणून

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

ग्रामपंचायतीत बसून मी दिवसभर दुसऱ्यांचे दाखले टाईप करते, स्वतःचं पत्र लिहायची वेळ क्वचितच येते. घरी येऊन चार शब्द बोलले असते, तर तुम्ही "जाऊ दे गं, काय एवढं" म्हणत विषय बदलला असता. म्हणून लिहिते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहिते. ग्रामसभेत शाल-श्रीफळ मिळालं ते सेविकाताईंना आणि नर्सबाईंना. त्या दोघींचे उपकार आहेतच, त्यात वाद नाही. पण अंगणवाडीची मदतनीस म्हणजे झाडलोट करणारी, खिचडी शिजवणारी, मुलांची शी-शू काढणारी बाई, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. आमच्या बारक्याचा आजार सगळ्यांच्या आधी दिसला तो त्या शी-शू काढणाऱ्या बाईला, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

आपल्या माण तालुक्यात एप्रिलमध्ये कुठलं पोर पाणी पाणी करत नाही? बारक्या माठाशी घुटमळायचा, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "ऊन केवढं आहे." रात्री उठून पाणी मागायला लागला, आंघोळीच्या तांब्यातलंही प्यायला लागला, तरी कारण उन्हाचंच. वर्षभरापूर्वी सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत आली, तेव्हा सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. पोर कशाला तरी भ्यालं असेल म्हणाल्या. तालुक्याच्या एका दवाखान्यात दाखवलं, तिथे उन्हाळी लागली म्हणून सिरप दिलं. कंबरेचा करदोडा सैल होऊन ढुंगणावरून खाली ओघळायला लागला, तर मी गाठ मारून तो आवळला. तुमच्या रजिस्टरमध्ये फेब्रुवारीला १५ किलो २०० ग्रॅम असलेलं वजन एप्रिलला १३ किलो ६०० वर आलं होतं. ताईंनी त्याला कमी वजनाच्या मुलांत धरून जास्तीचं केळं द्यायला सुरुवात केली. एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येकाचं म्हणणं बरोबरच वाटत होतं. सगळ्या एकत्र कुणी मांडल्या नव्हत्या.

तुम्ही मांडल्यात. अंगणवाडीच्या मागच्या भिंतीला पोरं रांगेने शू करतात आणि तुम्ही मागून बादली ओतता. एक दिवस तुम्हाला दिसलं की एका ठिकाणी काळ्या मुंग्यांची रांग लागलीय आणि शेजारच्या ओलीकडे एकही फिरकत नाही. खाऊ सांडला असेल म्हणून तुम्ही जागा धुतलीत. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा मुंग्या. मग तुम्ही जे केलंत ते मला फार आवडतं: बारक्याला तुम्ही मुद्दाम हापशाजवळच्या धुतलेल्या फरशीवर उभं केलंत, त्या दिवशी बादली ओतलीच नाहीत, आणि तांदूळ निवडत समोर बसलात. खिचडी शिजेपर्यंत फरशीवर मुंग्या आल्या होत्या. तेव्हा तुम्ही ताईंना सांगितलंत, "पोराच्या लघवीला मुंग्या लागतात, तांब्यामागून तांब्या पाणी पितंय, आणि वजनबी उतरलंय. आईला बोलवा."

उपकेंद्र अंगणवाडीला लागूनच. तिथलं साखर मोजायचं मशीन तीस वर्षांच्या पुढच्या लोकांच्या तपासणीसाठी येतं. माझे सासरे दर महिन्याला तिथेच बोट टोचून घेतात. नर्सबाई जरा अडखळल्या, चार वर्षांच्या पोराची नोंद कुठल्या रकान्यात करायची म्हणून. तुमचं उत्तर आता गावभर झालंय: "मशीन काय वय इचारतं का?" थेंब काढला. आकडा आला ४१२.

नर्सबाईंनी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. मी विचारलं, उद्या सकाळी उपाशीपोटी परत तपासू का? ते म्हणाले, एवढी लक्षणं असताना २०० च्या वर साखर आली की पुरे, उद्याची वाट बघू नका, आजच्या आज साताऱ्याला न्या. १०८ ला फोन केला. सासरे सारखे म्हणत होते की मशीन बिघडलं असेल, साखर म्हाताऱ्यांना होते. गाडी येईपर्यंत बारक्याला कुणी सरबत आणलं, कुणी पेप्सीची कांडी. ते सगळं तुम्ही परत पाठवलंत आणि साधं पाणी पाजत राहिलात. साताऱ्याच्या डॉक्टरांनी ते ऐकून मान डोलावली. तहानलेलं लेकरू बघून घरोघरी रस, सरबत, ग्लुकोजचं पाणीच देतात, आणि साखर आणखी चढते.

तिथे जे कळलं ते तुम्हालाही सांगते, कारण तुम्ही मला विचारलं होतंत की पोराला "म्हाताऱ्यांची साखर" कशी झाली. ही ती नव्हे. हा टाईप १ मधुमेह. यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्याने होत नाही, त्यामुळे सासूबाईंच्या पेढ्यांवरचा आळ गेला. इन्सुलिन नसलं की जेवणातली साखर रक्तातच साठते. ती १८० च्या आसपास पोचली की मूत्रपिंडं तिला अडवू शकत नाहीत, ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणजे तो पाणी जास्त प्यायचा म्हणून लघवीला जास्त व्हायची, असं नव्हतं. लघवीवाटे पाणी जायचं म्हणून तहान लागायची. पाणी तोडलं असतं तर पोर सुकून गेलं असतं. आणि साखर असूनही वापरता येत नाही म्हणून शरीर स्वतःची चरबी आणि मांस जाळत सुटतं. करदोडा त्यामुळे सैल झाला.

चरबी जळताना कीटोन नावाची आम्लं तयार होतात. बारक्याच्या लघवीत ती थोडी सापडली, रक्त अजून आम्लाकडे झुकलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अशी बरीच मुलं आमच्याकडे येतात तेव्हा उलट्या चालू असतात, पोट दुखत असतं, श्वास खोल आणि भरभर चाललेला असतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असतो, पोर गुंगीत असतं. त्या आधी कुठेतरी जुलाब-उलट्यांचं नाहीतर न्यूमोनियाचं औषध सुरू झालेलं असतं. तिथून पुढे अतिदक्षता विभाग, आणि कधी कधी त्याच्याही पलीकडे. लहान मुलांत हे सगळं थोड्या दिवसांत घडतं. आम्ही त्याच्या अलीकडे पोचलो ते तुमच्यामुळे.

तुमच्या मुंग्यांचं ऐकून डॉक्टर हसले आणि म्हणाले, जुने वैद्यही हेच बघायचे. पण एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, ती इथे लिहिते, नाहीतर लोक मुंग्यांचीच वाट बघत बसतील. मुंग्या आल्या नाहीत म्हणजे साखर नाही, असं समजायचं नाही. टाइल्सच्या बाथरूममध्ये मुंग्या कुठून येणार? शहरात तर पोरं डायपरमध्ये. तिथे डायपर सारखे जड व्हायला लागले, जांघेतलं पुरळ औषध लावूनही हटेना, तर ते लक्षात घ्यायचं. जास्तीची तहान, जास्तीची लघवी, सुटलेली अंथरुणातली शू परत येणं, खाऊनपिऊन वजन उतरणं, खेळायचं सोडून पडून राहणं: यातलं काही दिसलं की बोटातून एक थेंब रक्त, त्याच दिवशी. तपासणीला मिनिटही लागत नाही. साखर नसली तर चांगलंच आहे.

डॉक्टरांनी इटलीतल्या पार्मा भागाची गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. तिथे १९९१ पासून शाळांमध्ये आणि मुलांच्या डॉक्टरांकडे एक साधं पोस्टर लावलं. त्यात मुख्य म्हणजे हेच विचारलेलं, की तुमचं मूल जास्त पाणी पितंय का, परत अंथरुणात शू करायला लागलंय का. पोस्टरच्या आधी नव्याने टाईप १ निघालेल्या १०० मुलांतली ७८ मुलं आम्ल वाढलेल्या अवस्थेत दवाखान्यात यायची. नंतरच्या वर्षांत ते प्रमाण १२-१३ वर आलं. भिंतीवरच्या एका कागदाने! आपल्या अंगणवाडीच्या भिंतीवर फळं आहेत, भाज्या आहेत, मुळाक्षरं आहेत, हात धुवायच्या पायऱ्या आहेत. एवढ्या गर्दीत अजून एका कागदाला जागा निघेल.

आता घरचं. दिवसाला चार सुया आणि बोट टोचणं चालू आहे. सासूबाईंना हे बघवत नव्हतं. कारल्याच्या रसापासून झाडपाल्यापर्यंत सगळ्यांनी सगळं सुचवलं, एकाने तर सुया बंद करायची हमीच दिली. डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं की १९२२ साली टोरोंटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याआधी या आजाराची मुलं जगतच नसत. एक दिवससुद्धा सुई चुकवायची नाही. आता सासूबाईच घड्याळाकडे बघून हाक मारतात. लाईट जाते आणि फ्रीज बंद पडतो, म्हणून इन्सुलिन मातीच्या मडक्यात ठेवायला शिकलो: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, वर ओलं फडकं, आणि कुपी कोरड्या पिशवीत.

तुम्हीही शिकलात, कुणी न सांगता. तो मध्येच घामाघूम झाला, हात कापायला लागले, उगाच चिडचिड करून रडायला लागला तर साखर खाली गेलेली असू शकते, हे एकदा ऐकलंत आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या कंबरेच्या पिशवीत तंबाखूच्या डबीशेजारी साखरेची पुडी आली. (तंबाखूचं मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही, पण सोडाच आता.) मध्यंतरी ती पुडी कामाला आली. ताई बैठकीला गेल्या होत्या, तुम्ही त्याला साखर चारलीत, मांडीवर घेऊन बसलात, वर खिचडी भरवलीत आणि मग मला फोन केलात, घाबरवलंसुद्धा नाहीत. शिऱ्याच्या दिवशी त्याला वेगळं बसवत नाही, सगळ्यांच्या पंगतीत थोडा वाढता आणि किती वाढला ते मला सांगता. घरी तेवढा हिशेब आम्हाला जमत नाही.

आभार मानायचे तर शब्द अपुरे वगैरे लिहितात. माझ्याकडे शब्द आहेत, टायपिंगच करते मी. मला तुमच्याकडून अजून एक काम हवंय. पर्यवेक्षिका बाईंशी बोलले आहे. बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या, बैठकीला दर वेळी सेविकाच जातात, या वेळी मदतनिसांनाही बोलावू म्हणाल्या. तिथे डॉक्टरांच्या आधी तुम्ही बोलायचं, फरशीवर काय बघितलंत ते तुमच्या भाषेत. लाजायचं नाही. आणि भिंतीवर लावायच्या कागदाचा मजकूरही तुम्हीच सांगायचा, मी टाईप करते. गुरुवारी दुपारी येते. प्रिंट ग्रामपंचायतीच्या मशीनवर काढू, सरपंचांना विचारून ठेवलंय. तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांना पुरतील एवढ्या.

तुमची,
बारक्याची आई