बाइंडरकाकांना, कागदाबद्दल

ती. स्व. बाइंडरकाका यांस,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही अशी अट तुम्हीच घातलीत, म्हणून नुसतं ‘बाइंडरकाका’. पत्र मात्र उघड लिहितोय. सायनोटाइप (द्रावण लावलेल्या कागदावर निगेटिव्ह ठेवून उन्हात काढायचा निळा फोटो), फोटो-कोलाज असल्या हाताने करायच्या कार्यशाळा आता ठिकठिकाणी होतात, आम्हीही घेतो, आणि त्यांतल्या बऱ्याचशा अडचणी उन्हाच्या किंवा रसायनांच्या नसतातच, कागदाच्या असतात. फोटोवाली मंडळी कागदाला फक्त वजन विचारतात: दोनशे जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) की तीनशे? तुम्ही आमचा कागद उचललात, कानाजवळ नेऊन खडखडवलात, कोपरा जिभेला लावलात आणि म्हणालात, “चिकटतोय. याला सायझिंग नाही.” म्हणजे कागदाने पाणी शोषू नये म्हणून द्यायचा खळीचा किंवा जिलेटिनचा हात त्याला दिलेला नाही. आमच्या टिपणवहीतली पुढची दहा पानं त्या एका वाक्यातून निघाली. त्याबद्दलचे हे आभार.

सायनोटाइपची कृती सोपी आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने ती 1842 मध्ये शोधली, आणि अजून तीच चालते. अमोनिअम फेरिक सायट्रेट, हिरव्या जातीचं, 25 ग्रॅम 100 मि.ली. पाण्यात. पोटॅशिअम फेरिसायनाइड 10 ग्रॅम दुसऱ्या 100 मि.ली. पाण्यात. दोन्ही वेगवेगळ्या गडद बाटल्यांत, वापरायच्या वेळी समभाग मिसळायचं. बारा जणांनी प्रत्येकी सहा ए-फाइव्ह प्रिंट काढायचे तर ब्रशने एका प्रिंटला साधारण दोन मि.ली. लागतात, म्हणजे 144. सांडलवंड धरून 200 पुरतात. पण सगळं एकदम मिसळू नये, 20-20 मि.ली.च्या खेपा कराव्यात, कारण मिसळलेलं द्रावण टिकत नाही. फेरिसायनाइडच्या बाटलीजवळ संडास धुण्याचं ॲसिड फिरकूही द्यायचं नाही. तीव्र आम्लाबरोबर त्यातून विषारी वायू सुटू शकतो.

एवढं सगळं बरोबर करूनही प्रिंट धुतल्यावर निळा फिका, मळकट, ठिगळं लावल्यासारखा यायचा. दोष उन्हाला दिला जात होता. तुम्ही व्हिनेगरचा एक थेंब कागदाच्या कोपऱ्यावर सोडलात आणि भिंगातून बघायला लावलंत: बारीक बारीक बुडबुडे. कागदात खडू होता. हल्लीच्या बऱ्याच कागदांत तो घालतातच, पांढरेपणासाठी आणि कागद पिवळा पडू नये म्हणूनही. ‘ॲसिड-फ्री’ लिहिलेला महागडा कागद पुस्तकाला उत्तम, पण सायनोटाइपचा निळा म्हणजे प्रशियन ब्लू, आणि खडूसारख्या अल्कलीत तो तगत नाही. म्हणजे दुकानदार ज्याची शिफारस करतो तोच कागद इथे घात करतो.

उपायही तुम्हीच सांगितलात. एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं निंबूफूल चालतं), त्यात कागद बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण वीस ते तीस मिनिटं. मग साध्या पाण्यातून काढून वाळवायचा. दहा-बारा ताव झाले की द्रावण बदलायचं, कारण खडू ते खाऊन टाकतो. याचा आणखी एक फायदा तुम्ही जाता जाता सांगितलात: एकदा पूर्ण भिजून सुकलेला कागद दुसऱ्यांदा तेवढा आक्रसत नाही. एकाच कागदावर दोनदा-तीनदा सायनोटाइप चढवायचा असेल तर पहिल्या चित्रावर दुसरं बरोबर बसतं ते त्यामुळेच. आणि शेवटच्या धुण्याचं पाणी बोअरचं असेल तर त्यातही चिमूटभर निंबूफूल. जड पाण्यात प्रिंट तासभर विसरला की निळा हळूहळू उतरतो.

सायझिंग नसलेल्या हातकागदाचं दुखणं वेगळं. तो टिपकागदासारखा द्रावण पोटात ओढतो, ब्रशचे फराटे उमटतात आणि चित्र लोकरीवर छापल्यासारखं दिसतं. त्यावर जिलेटिन: 30 ग्रॅम एक लिटर थंड पाण्यात अर्धा तास भिजवायचं, मग पन्नास अंशांपर्यंत कोमट करायचं, उकळायचं नाही. ताव त्यातून काढून दोरीवर वाळवायचा. तुमची दुसरी पद्धत जुनी: पातळ खळ लावायची आणि वाळल्यावर अकीकाच्या दगडाने घोटायचा. पोथ्यांचा कागद असाच घोटलेला असे. जुन्नरचा कागद आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद यांच्या गोष्टी त्या दिवशी तुमच्या तोंडून निघाल्या त्या निघाल्याच. पण पोथीचा कागद बोरूच्या शाईसाठी पूर्ण घोटतात. सायनोटाइपला तेवढा घोटला तर द्रावण आत न शिरता वरच बसतं आणि धुताना सगळा निळा ट्रेमध्ये वाहून जातो. “अर्धाच घोटा” हे तुमचं माप. हाताने ते कळतं, लिहून सांगता येत नाही, तरी ढोबळ खूण अशी: तिरपं धरल्यावर चकाकी दिसायला लागली की थांबायचं.

निगेटिव्हबद्दल थोडक्यात, कारण ते आमचं खातं. झेरॉक्सच्या दुकानात ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) काढलेली निगेटिव्ह पुरेशी काळी नसते. दोन प्रती तंतोतंत एकावर एक टेपने जोडल्या की काम होतं. इंकजेटची शीट लेझर प्रिंटरमध्ये घालायची नाही, ती आतल्या गरम रोलरला वितळून चिकटते. शीटच नसेल तर साध्या कागदावरच्या निगेटिव्हला मागून खोबरेल तेल चोळून, पुसून घ्यायचं. ऊन दुप्पट-तिप्पट लागतं, पण चित्र येतं. पुण्यात फेब्रुवारी-मार्चच्या भर दुपारी सुरुवात आठ-दहा मिनिटांपासून करावी, पण आधी दोन-दोन मिनिटांच्या चाचणीच्या पट्ट्या काढून. गडद भाग निळ्याच्या पलीकडे जाऊन राखेसारखा दिसायला लागला की ऊन पुरे.

निगेटिव्ह आणि कागद दाबून उन्हात ठेवायची चौकट मात्र तुम्ही सुधारलीत. पाच मि.मी. काच, कडा घासलेल्या, मागे नऊ मि.मी. एमडीएफ आणि चार क्लिपा, एवढं आमच्याकडे होतं. हातकागदाच्या उंचवट्यांमुळे निगेटिव्ह मधेच उचललेली राहायची आणि तेवढा भाग धूसर यायचा. तुम्ही एमडीएफवर बनातीचा (जाड लोकरी कापडाचा) तुकडा घातलात. झालं! कागदाचे चढउतार बनात पोटात घेते आणि निगेटिव्ह सगळीकडून काचेला टेकते. पावसाळ्यात तिथे बनात घालण्याआधी ती उन्हात तापवून घ्यायची. ओल धरलेली बनात कागदाला ओल देते, आणि ओला कागद निगेटिव्हला डाग पाडतो.

आता कोलाज. इथे तर आम्ही तुमचे पूर्ण देणेकरी.

कोलाज दुसऱ्या दिवशी पापडासारखा वाकडा होतो, ही सगळ्यांची तक्रार, आणि सगळे जण दोष गोंदाला देतात. तुम्ही कागदाचा पेराएवढा चौकोन कापलात, एक बाजू पाण्याने पुसलीत आणि तळहातावर ठेवलात. क्षणात त्याची नळी झाली. नळीची लांबी ज्या दिशेने पडते ती ग्रेनची, म्हणजे कागदातल्या तंतूंची, दिशा. ओला झाला की कागद ग्रेनच्या आडव्या अंगाने फुगतो, उभ्या अंगाने जवळजवळ नाही. कोलाजमध्ये वीस तुकडे वीस दिशांनी लावले की प्रत्येक जण आपापल्या बाजूला ओढतो. तेव्हापासून प्रिंट कापण्याआधी प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने बाण काढायचा असा नियमच झाला. मोठे तुकडे शक्यतो पुठ्ठ्याच्या ग्रेनला समांतर. लहान तुकडे कसेही लावले तरी फारसं बिघडत नाही.

दुसरा तुमचा कायदा: पुढे जेवढं लावाल तेवढं मागे. पुठ्ठ्याच्या पाठीवर त्याच जाडीचा कागद, त्याच ग्रेनने, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी लावून उपयोग नाही, तोवर पुठ्ठा एका बाजूला झुकलेला असतो.

आणि खळ. मैद्याची खळ आम्हाला ठाऊक होती. ती पिवळी पडते, किडे बोलावते, म्हणून बांधणीत तिच्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. फोटोसाठी तुम्ही दोन्हींना नाही म्हणालात आणि काकूंकडून वाटीभर पांढरं काहीतरी आणवलंत. कुरडयांचा चीक! संग्रहालयांत जुनी कागदपत्रं दुरुस्त करायला गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. तीच ही, आपल्याकडे दर उन्हाळ्यात गच्चीवर वाळत पडणारी. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचे, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतायचं. कुरडईला एवढं पुरे. खळीसाठी मात्र खाली बसलेला चीक आणखी तीन-चार पाण्यांनी धुवायचा, आंबट वास जाईपर्यंत. मग घट्ट चिकाला तिप्पट पाणी, मंद आच, पंधरा-वीस मिनिटं सतत ढवळणं. दुधासारखा पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की पुढे पाच मिनिटं अजून. इथेच घाई होते: कच्ची राहिलेली खळ वाळल्यावर भुकटी होऊन सुटते. गार झाल्यावर मलमलीतून दोनदा दाबून काढायची आणि ब्रशवरून सायीसारखी ओघळेल इतकी पातळ करायची.

मीठ-हिंग अर्थात नाही. मीठ का नाही, हे आमच्याकडून तुम्हाला: मोरचूद आणि मीठ एकत्र आलं की कृष्णधवल फोटोतलं चांदीचं चित्र ब्लीच होतं. डार्करूममध्ये मुद्दाम करतात ती ही कृती आहे. म्हणजे मोरचुदाची खळ फोटोपासून लांब ठेवण्याचा तुमचा हट्ट रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

खळ लावल्या लावल्या तुकडा चिकटवायचा नाही, हे तर कुठल्याच फोटोच्या पुस्तकात सापडलं नव्हतं. दोन-तीन मिनिटं त्याला खळ पिऊ द्यायची. फुगायचं ते त्याने टेबलावरच फुगून घ्यावं. पुठ्ठ्यावर गेल्यावर फुगला की सुरकुती ठरलेलीच. मग हाडाच्या पट्टीने मधून बाहेर, मधे कोरा कागद ठेवून. शिकंज्यात (बांधणीच्या दाबयंत्रात) कोऱ्या टिपकागदांमध्ये. ते पंधरा मिनिटांनी बदलायचे, तासाने पुन्हा बदलायचे, मग रात्रभर.

हे सगळं खऱ्या कागदावरच्या प्रिंटसाठी. लॅबमधल्या चकचकीत प्रिंटच्या पाठीला प्लास्टिकचा थर असतो, त्याला खळ धरत नाही; तिथे दुतर्फी टेपच बरी. पांढरा गोंदही चालतो, पण एकदा बसला की सुटत नाही, आणि कोलाजमध्ये तर मन बदलतंच. साध्या इंकजेटच्या रंगांना पाणी लागलं की ते पसरतात. कापण्याआधी कोपऱ्यावर ओलं बोट टेकवून बघावं.

कापण्याबद्दल तुमचं-आमचं एकमत झालं नाही, ते नोंदवून ठेवतो. तुमचं म्हणणं, सांधा दिसता कामा नये. चित्राची बाजू हलकी कापून, तुकडा मागच्या अंगाला फाडून, पाठीची कड बारीक पॉलिशपेपरने घासून निमुळती करायची, म्हणजे पायरीची सावली पडत नाही. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याच्या मनोरथ चित्रांत श्रीनाथजींपुढे हात जोडून उभ्या असलेल्या यजमानांचे चेहरे पुष्कळदा फोटोतून कापून चिकटवलेले असतात, अंग आणि पोशाख रंगवलेले. सांधा शोधावा लागतो. उलट ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने 1982 मध्ये पोलरॉइड जोडून चित्रं केली त्यांत प्रत्येक फोटोची पांढरी किनार तशीच ठेवली आहे, आणि मजा त्या जाळीतच आहे. आम्ही शिकणाऱ्यांना दोन्ही करायला लावतो, पण घासून निमुळती केलेली कड आधी. लपवता येणाऱ्यानेच दाखवावं, एवढं तुमचं ऐकलं.

केमिग्रॅमच्या दिवशी दिलेल्या काकवीबद्दलही आभार मानायचे राहिले होते. बेल्जियन कलाकार पिएर कॉर्दिए यांनी 1956 पासून ज्या पद्धतीने चित्रं केली तीत फोटोपेपरवर मधासारखा लेप लावून तो आलटून पालटून डेव्हलपर आणि हायपोत (फिक्सरमध्ये) बुडवतात. लेप जसा विरघळतो तशा रेषा सरकत जातात. मधाच्या जागी काकवी छान चालते, सावकाश सुटते. मधे प्रत्येक वेळी पाण्यातून काढायचं तेवढं विसरायचं नाही, नाहीतर हायपो डेव्हलपरचा जीव घेतो.

चार कोलाज अजून तुमच्या शिकंज्यात आहेत. शनिवारी न्यायला येतो. बनातीचा उरलेला तुकडाही परत आणतो.

आपले नम्र,
कार्यशाळा घेणारे आम्ही सगळे

ता. क. खळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते, म्हणून यापुढे लागेल तेवढीच शिजवू. काकूंना सांगावं, यंदा चिकातला वाटा मागायला आधीच येऊ, मीठ घालायच्या आत.