कपाटातली चाळीस पुस्तकं

सोलापूर,
रविवार, रात्री साडेदहा

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

कपाट आज एकदाचं रिकामं झालं. तीन रविवार गेले, शिवाय मधल्या चार संध्याकाळी. जुळे सोलापूरहून साखर पेठेत यायचं, कुलूप काढायचं, पंखा लावायचा (अजून तसाच कुरकुरतो) आणि सतरंजी टाकून पुस्तकांत बसायचं. बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत बाबांच्या डांबरगोळ्यांचा वास. शेजारच्या अक्का दारातून डोकावतात, "काय करायलीस गं, अजून संपंना का?" म्हणतात आणि ताकाचा तांब्या ठेवून जातात.

एकूण २१४ निघाली. दादा म्हणतो, पुण्यातल्या तुमच्या खोलीत चाळीसच्या वर मावणार नाहीत. बाबा, तुमचा निरोपही त्यानं जसाच्या तसा सांगितला: "पोथ्या आईच्या आहेत, त्या आण. कवितांचं काय ते बघ. कादंबऱ्या वाचनालयाला दे, नाही घेतल्या तर रद्दीत घाल. मला आता त्यांचा उपयोग नाही." यावर मला बोलायचं आहे आणि फोनवर तुम्ही बोलू देत नाही. पत्र मात्र आई वाचून दाखवेल, आणि तिला मध्येच थांबवायची तुमची छाती नाही.

आधी एक गंमत सांगते. डॉक्टर म्हणाले होते ना, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडेचं दिसत राहील, मोठं अक्षर चालेल, बारीक त्रास देईल? म्हणून मी तुमचीच स्टीलची पट्टी घेतली आणि अक्षरं मोजत बसले. कादंबऱ्यांतलं अक्षर अडीच मिलिमीटर, काहींत त्याहून कमी. आईच्या हरिविजयातलं पाच. आजीकडून आलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या पोथीतलं तर सहाला टेकतं. म्हणजे आयुष्यभर ज्यांना तुम्ही "आईचं खातं" म्हणत आलात, तेवढीच पुस्तकं आज तुम्हाला भिंगाशिवाय वाचता येतील. आई, हसू नकोस.

हरिविजय चाळीसात पहिला घातला. श्रीधर नाझऱ्याचा, म्हणजे आपल्या सांगोला तालुक्यातला, आणि आईचं माहेर सांगोल्याचं, त्यामुळे ती त्याच्याबद्दल गाववाल्यासारखं बोलते. छत्तीस अध्याय आणि श्रावणाचे दिवस तीस. शेवटच्या आठवड्यात तू दोन-दोन अध्याय उरकायचीस आणि कृष्णाची लग्नं एक्स्प्रेस गाडीसारखी निघून जायची. पेठेतल्या बायका भिंतीला टेकून बसायच्या, कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या हातात वाती. बाबा अंगणात सायकलची चेन घालत बसलेले. अर्धा तास एकच चेन. आणि तुझा उच्चार चुकला की बाहेरून आवाज यायचा, "पुतना नाही, पूतना!" ऐकत नव्हतात म्हणे.

गुरुचरित्र लाल फडक्यातच आहे, फडकं तेवढं बदललं. बायकांनी ते वाचू नये म्हणून आजीनं घरात तंबी दिलेली. मग चौदाव्या अध्यायाच्या पानावर हळदीचं बोट कुणाचं आहे, आई? आजोबा तर स्वयंपाकघरात पाय ठेवत नव्हते.

शिवलीलामृताच्या तीन प्रती निघाल्या, तिन्हींचा अकरावा अध्याय तेवढा मळलेला. एकच पाठवते. दासबोध जाड आहे, पण तो बाबांसाठी येतोय. समर्थांचे वीस दशक, दोनशे समास, त्यातल्या मूर्खलक्षणांच्या समासाला तुम्ही पेन्सिलनं खुणा करून समोर मिलमधल्या लोकांची नावं लिहिलीत. ती नावं मी खोडरबरानं पुसली, माफ करा. त्यातल्या दोघांची मुलं आता पुण्यातच आहेत, उद्या घरी आली तर?

गड्ड्याच्या जत्रेत घेतलेलं सिद्धरामेश्वरांच्या वचनांचं मराठी पुस्तक सापडलं. साळखात्यातल्या, म्हणजे विणकामातल्या, मित्रानं तुम्हाला दिलेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ही. दोन्ही येतायत. रामजोशींच्या पुस्तकानं मात्र मला अर्धा तास अडवलं. आपल्या सोलापूरचाच शाहीर, आधी तमाशात लावण्या, पुढे कीर्तनं. त्याला कवितेत घालू की पोथ्यांत? घरात तर तो दोन्हींकडे नव्हता, आईनं त्याला वरच्या फळीवर घड्याळाच्या खोक्यामागे लपवलेलं. शेवटी माझ्या पिशवीत टाकला.

आता कविता. त्यात मला वाटलं होतं तेवढी अडचण नाही. कवितेच्या पानावर कागद मोकळा असतो. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' घेऊन गेले. साध्या कागदाचं ए-थ्रीवर केलं की अक्षर अडीचाचं साडेतीन होतं. त्याचं पुन्हा तसंच मोठं केलं की पाच, म्हणजे हरिविजयाची बरोबरी. पण प्रत्येक वेळी कागद दुप्पट लागतो, दोनदा केलं की चौपट. बारा ओळींच्या कवितेला ते परवडतं. तुमच्या खुणा असलेल्या सात कविता मी अशा करून घेतल्या आणि कडेला दोरा ओवून बांधल्या. दोरा तुमचाच. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात खूण म्हणून मिलमधला रंगीत सुताचा तुकडा आहे: चादरीचा लाल, मोरपिशी, एक तो विचित्र जांभळा. सुर्वे १९६६ साली छापलेले, ज्यांना एका गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलं. पहिली पाळी संपवून आल्यावर, अंगाला सूत चिकटलेलं असतानाच तुम्ही ते पुस्तक उघडायचात. आजही एका पानाच्या घडीत कापसाचा भुगा आहे. झटकला नाही मी तो.

कुसुमाग्रजांचं 'विशाखा' पाठवते. १९४२ चं पुस्तक. खांडेकरांनी पुढाकार घेऊन ते छापवलं आणि प्रस्तावनाही लिहिली, हे तुम्हीच मला दहावीत सांगितलं होतंत आणि पेपरात त्यावर काही आलं नव्हतं. त्यातलं निम्मं तुम्हाला पाठच आहे, दिसायची गरज नाही. बहिणाबाईंची गाणी मात्र आईची. कवितेचं हे एकच पुस्तक तिनं पोथ्यांच्या शेजारी ठेवलेलं.

त्यावरूनच मला ते सुचलं, जे सांगायला हे पत्र लिहिते आहे. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या जात्यावर, शेतात म्हणत गेल्या आणि सोपानदेवांनी ते उतरवून घेतलं. १९५१ ला त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. मग मी बाकीच्या ढिगाकडे तशाच नजरेनं बघितलं. ज्ञानेश्वरी: शके १२१२, म्हणजे १२९०, नेवाशात ज्ञानदेव बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. गीता प्रवचनं: १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी बोलले आणि साने गुरुजींनी लिहून घेतली. म्हणजे ही सगळी पुस्तकं आधी कुणाच्या तरी कानात शिरली, कागदावर नंतर आली. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, यात ज्ञानेश्वरांच्या श्रोत्यांना काही कमीपणा वाटला नाही. तुम्हाला का वाटतो?

कादंबरीचं वेगळं आहे, हे कबूल. मराठीतली पहिली कादंबरी 'यमुनापर्यटन' १८५७ ची, म्हणजे कादंबरी आपल्याकडे छापखान्याचं बोट धरून आली. ती एकट्यानं, दिव्याखाली, मान खाली घालून वाचायची. तुम्ही तशीच वाचलीत. हिराचंद नेमचंद वाचनालयातून शनिवारी आणायची, पुढच्या शनिवारी परत, आणि फार आवडली तर पगारानंतर विकत. म्हणून तुम्हाला वाटतं की डोळे गेले की कादंबरी गेली. "मला कुणी वाचून दाखवायचं नाही," असं तुम्ही वहिनीला म्हणालात आणि ती बिचारी दोन दिवस गप्प होती.

पण बाबा, एक गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे विसरलात. मी चौथीत, दादा सातवीत. उन्हाळ्यात संध्याकाळी लाईट जायची. तुम्ही कंदील स्टुलावर ठेवायचात आणि 'बनगरवाडी' वाचायचात. माडगूळकरांचा तो पोरसवदा मास्तर धनगरांच्या वस्तीत शाळा काढायला जातो, आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, "हे आमच्याकडचंच आहे." दुष्काळात वाडी उठून जाते, ते वाचताना तुमचा आवाज अडकला आणि तुम्ही उगाच कंदिलाची वात वर-खाली केलीत. दादाला विचारा, त्यालाही आठवतं. तेव्हा आम्हाला वाचता येत होतं. तरी आम्ही ऐकलं. आम्हाला कुठे लाज वाटली?

तर कादंबऱ्या रद्दीत जाणार नाहीत. रद्दीवाला येऊन गेला. किलोला बारा रुपये म्हणाला आणि 'ययाती' उलटा करून पाठीवरची किंमत बघायला लागला. ज्या कादंबरीमुळे मराठीला पहिलं ज्ञानपीठ आलं, १९७४ साली, ती तराजूत! त्याला मासिकांचे गठ्ठे दिले आणि वाटेला लावलं. 'मृत्युंजय' मात्र वाचवता आला नाही. मागच्या पावसाळ्यात गच्ची गळली ती नेमकी खालच्या फळीवर, आणि कर्ण फुगून टम्म झाला. उन्हात वाळवला, पण पानं भाकरीसारखी कडक झालीत, उलटली की मोडतात. तो माझ्याकडेच राहील. दुसरी प्रत मिळते, पण पहिल्या पानावर आईला लग्नाच्या वाढदिवसाला दिल्याचं तुमच्या हातचं लिहिलेलं आहे, ते कुठून मिळणार?

अठ्ठावीस कादंबऱ्या मी माझ्या घरी आणल्या. त्या तुमच्या चाळीसात नाहीत, त्यामुळे दादानं काळजी करू नये. त्यातली रोज एक बैठक मी फोनवर वाचणार. रात्री नऊ ते साडेनऊ, अध्यायासारखी. आई शेजारी बसेल, तिची जपमाळ चालू राहिली तरी चालेल. सुरुवात 'रणांगण'नं करू. बेडेकरांचं १९३९ चं, अंगानं किरकोळ. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, तिच्यावर तो चक्रधर आणि ती ज्यू मुलगी हेर्टा. मी कॉलेजात असताना हे पुस्तक तुम्ही माझ्या हातून काढून घेतलं होतंत, "परीक्षा झाल्यावर," म्हणून. परीक्षा झाली, पुस्तक काही मिळालं नाही. म्हणजे मीही पहिल्यांदाच वाचणार आहे. अडखळले तर बाहेरून ओरडायची मुभा आहे.

एकच अट. पोथीला बायका जसा मधून मधून "हं" म्हणायच्या, तसा म्हणायचा. नाहीतर मला कळत नाही की ऐकताय की झोपलात.

दोन पिशव्या गुरुवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं भाच्याबरोबर येतील. निळ्या पिशवीत पोथ्या आहेत, ती वर ठेवायला सांगितलंय, आई, खाली पायाशी नाही. दुसरीत कविता, आणि त्यांच्या मध्ये शेंगाचटणीचा डबा, नीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. तरी तेल सुटलंच तर 'विशाखा'ला आधी बाजूला काढा.

वाचनालयात मंगळवारी जाऊन येते. त्यांच्याकडे नसलेली तीसेक पुस्तकं घेतो म्हणालेत. उरलेल्यांतली काही अक्कांच्या नातवानं मागितली. बारावीला आहे, यंत्रमागाच्या खटखटीत बसून वाचतो. त्यानं पहिल्यांदा सगळ्यात जाड पुस्तक उचललं, मग ठेवलं आणि पातळ घेतलं. मी काही बोलले नाही.

घराची किल्ली महिनाअखेरीला मालकांना देईन. कपाट सागवानी आहे, ते मी नेते, बाकी लोखंडाचं काय करायचं ते दादानं ठरवावं.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. बाबा, शुक्रवारी नऊला फोन करते. उचलायच्या आधी दादाला टीव्ही बंद करायला सांगा.

तुमची,
धाकटी

ता. क. हळदीच्या बोटाचं उत्तर आईनं द्यायचं आहे, बाबांनी नाही.