चि. बबलूस, घरून

चि. बबलू,
अनेक आशीर्वाद.

नागपूरला तुला विमानातून उतरवलं, त्याबद्दल फोनवरच बोलणार होतो, पण तू "हो बाबा", "बरं बाबा" यापुढे बोलत नाहीस आणि माझा आवाज चढतो. रविवारी चढला तसा. म्हणून लिहायला बसलो. ताई म्हणाली, सांगा, मी मोबाइलवर टाइप करून पाठवते. म्हटलं, नको. उद्या दारव्ह्याला बँकेत जायचंच आहे, स्पीड पोस्टानं टाकतो.

आधी आईचं सांगतो. तिची समजूत तूच काढ, माझं ती ऐकत नाही. चार दिवस झाले, एकच धरून बसली आहे. "म्याच पिशवी जड केली. पोराले वर ठेवता नाई आली, म्हणून इमानातल्या त्या पोरीनं इचारलं. वझं नसतं तर इचारलंच नसतं." काल कापूस वेचणीच्या बायांसमोरही हेच बोलली. मी म्हटलं, अगं, पिशवीचा काय दोष? तर उठून आत गेली.

जवसाच्या चटणीला या घरात 'बॉम्ब' काहून म्हणतात, हे आपल्याला माहीत. मोठ्या काकांनी भिवापुरी मिरचीचा पहिला घास घेतला आणि पाणी मागत अंगणभर फिरले, तेव्हापासूनचं नाव ते. तुझ्या तोंडून "सांभाळून मॅडम, आईनं बॉम्ब दिलाय" निघालं तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे काका असतील, पाटावरचा तो स्टीलचा डबा असेल. त्या मुलीच्या डोळ्यांपुढे काय असणार? तिला काका माहीत नाहीत, डबा माहीत नाही. तिला शब्द तेवढा ऐकू आला.

बबलू, मला एक नीट सांग. पोलिसांनी नुसता जबाब घेतला की एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद केली? स्टेशन डायरीत नाव गेलं का? रविवारी हे विचारलं आणि तू फोन ठेवलास. परत विचारत नाही. सवडीनं सांग.

तू म्हणालास, "पिशवी मशिनीतून गेली होती, त्यांना माहीत होतं आत काही नाही, तरी दीडशे लोकांना खाली उतरवलं." माझं डोकं गरम झालं ते यावर. चौतीस वर्षं मी एसटीचा कंडक्टर म्हणून गाडीत उभा राहिलो आहे. गाडीत उभ्या असलेल्या माणसाला असं काहीच 'माहीत' नसतं रे. त्याला सांगतील तेवढंच माहीत. 1985 च्या जूनमध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रात पडलं, 329 माणसं गेली. मी तेव्हा नोकरीला लागायचा होतो. आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की सगळी चावडी गप्प बसायची. त्या वेळी बॉम्बची बॅग चढली होती आणि बॅगवाला चढलाच नव्हता. टोरांटोला तपासणीचं मशीनही बंद पडलं होतं म्हणतात. तुला उतरवल्यावर तुझी मोठी बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढेपर्यंत विमान हललं नाही, ते यासाठीच. माणूस खाली तर सामानही खाली. तुला ती अडवणूक वाटली. मला वाटतं ते बरोबर केलं.

आणि ते नागपूर होतं, हेही ध्यानात घे. 2024 च्या ऑक्टोबरात विमानांना शेकडो खोट्या धमक्या आल्या. त्यात आपल्या गोंदियाकडच्याच एका माणसाला नागपूर पोलिसांनी धरलं. पुढच्याच महिन्यात, 14 नोव्हेंबरला, नागपूरहून कोलकात्याला निघालेलं विमान एका प्रवाशाच्या बोलण्यावरून रायपूरला उतरवलं. आत 187 प्रवासी होते. काही सापडलं नाही. ज्या माणसांनी हे दिवस काढले, त्यांच्यासमोर तू तो शब्द काढलास. त्यांनी हसायला पाहिजे होतं असं कसं म्हणू?

हे सगळं वाचून तुला वाटेल, बाबा पुन्हा सुरू झाले. खरं आहे, झालो. ताईही परवा म्हणाली की तुम्ही बबल्याशी उतारूशी बोलल्यासारखे बोलता. माफ कर. पण आता लिहितो ते मी तुला कधी सांगितलेलं नाही. आईलाही अर्धंच माहीत आहे.

1993 चा एप्रिल. मुंबईचे स्फोट होऊन महिना झालेला. सीटखाली पाहून घ्या, बेवारस वस्तूला हात लावू नका, हे आम्ही प्रत्येक स्टँडवर ओरडून सांगायचो. मी यवतमाळ-पुसद गाडीवर होतो. लग्नसराई, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. दारव्हा सोडलं, बाहेर अंधार पडला होता. मधल्या सीटवर कॉलेजचा एक पोरगा मित्रांसोबत बसलेला. त्यानं पुढच्या बाईला म्हटलं, "मावशी, तुमच्या खालची पेटी टिकटिक करून राहिली." एवढंच बोलला. बाई किंचाळली. मी दोरी ओढली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, तोवर मागचं दार उघडून लोक उड्या मारायला लागले. एक म्हातारी पडली, मनगट मोडलं. पेटीत एका गुरुजींचं गजराचं घड्याळ निघालं.

तो हात मला अजून दिसतो. बांगड्या फुटून रुतल्या होत्या आणि ती म्हातारी "माह्या गाठोड्याले पाहा, माह्या गाठोड्याले पाहा" म्हणत होती. तिच्या त्या हाताकडे पाहत मी अहवाल लिहिला. तिकिटाचा ट्रे मांडीवर, त्यावर कागद. पोरानं काय म्हटलं ते लिहिलं आणि रागाच्या भरात पुढे एक शब्द टाकला, 'जाणूनबुजून'. लोक पळावेत, कोणाचा हात मोडावा, असं त्या पोराच्या मनात असेल का? नव्हतं. मला तेव्हाही ते दिसत होतं. पांढरा पडला होता तो, म्हातारीला धरून रस्त्याच्या कडेला त्यानंच बसवलं. पण शब्द मी लिहिला.

दीड वर्षानं त्याचा बाप आगारात आला. धोतर, टोपी हातात. कंट्रोलच्या खिडकीशी कोणीतरी मला बोट दाखवलं. पोराचं सैन्यभरतीत झालं होतं, चारित्र्याच्या कागदावर अडलं होतं. ते म्हणाले, "साहेब, पोरगं चुकलं. शिक्षा भोगू द्या त्याले. पण तेवढा एक शबुद काढता येईन का?" मी म्हटलं, कागद वर गेला, आता माझ्या हातात नाही. खरंच नव्हता. पण वर जाऊन सांगता आलं असतं, लिहून देता आलं असतं. मी वे-बिल, तिकिटांच्या हिशेबाचा कागद, घेतलं आणि गाडीत चढलो. डबल बेल दिली तेव्हा ते तिथंच उभे होते, टोपी अजून डोक्यावर घातली नव्हती.

परवा ताईनं त्या विमान कंपनीचा मेल मला मराठीत वाचून दाखवला. तिसऱ्या ओळीत तिनं वाचलं, "प्रवाशानं जाणूनबुजून..." मी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग मळ्यात गेलो तो अंधार पडेपर्यंत आलो नाही. तुरीवर फुलोरा चांगला आहे यंदा.

म्हणजे माझं म्हणणं असं आहे. त्यांनी विमान थांबवलं, तुला उतरवलं, पिशव्या उघडल्या, पोलिसांना बोलावलं, यातलं एकही चूक नाही. मी असतो तरी हेच केलं असतं. पण डबा उघडला, चटणी निघाली, तू हात जोडून माफी मागितलीस, पोलिसांनी रात्रीच तुला सोडलं. तिथं गोष्ट संपायला हवी होती. त्यानंतर चार दिवसांनी थंड डोक्यानं 'जाणूनबुजून' लिहिणं आणि तुझ्या ऑफिसला कळवू का म्हणून विचारणं, हे जास्तीचं आहे. घाबरलेल्या माणसानं घाईत केलेलं मी समजू शकतो. टेबलावर बसून लिहिलेलं नाही समजू शकत. मी घाईत लिहिलं होतं, तरी ते मला सुटत नाही.

ताईनं नियम काढून वाचले. 2017 साली एका खासदारानं विमानात कर्मचाऱ्याला मारलं, त्यानंतर केलेले नियम आहेत हे. तीन पायऱ्या आहेत. तोंडानं केलेल्या गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर हात टाकला तर सहा महिन्यांपर्यंत, जीव धोक्यात घातला तर दोन वर्षं किंवा जास्त. कंपनीनं समिती नेमायची, तिच्यावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष. समितीनं नेमून दिलेल्या मुदतीत ठरवायचं, तोवरच कंपनी तुला अडवू शकते. मुदतीत ठरवलं नाही तर तू मोकळा. निकाल पटला नाही तर 60 दिवसांत वर अपील. तेव्हा त्या मेलला उत्तर दे, गप्प बसू नको. जे बोललास ते शब्दाला शब्द लिही, कमी करू नको. घरात चटणीला काय म्हणतात तेही लिही, लाजू नको. माफी माग. आणि शेवटी लिही की 'जाणूनबुजून' हा शब्द मला मान्य नाही. पाठवण्याआधी ताईला दाखव. कोऱ्या कागदावर सही करू नको, न वाचता सही करू नको. ठाण्यातही नाही. तिथं सही केलीस तेव्हा वाचलं होतंस ना?

बघ, पुन्हा तिथंच आलो.

ताईनं इंग्लंडच्या एका अठरा वर्षांच्या मुलाचंही सांगितलं. 2022 मध्ये मित्रांबरोबर सुट्टीला निघाला होता, विमान उडण्याआधी मित्रांच्या ग्रुपवर गमतीत लिहिलं की विमान स्फोटानं उडवून द्यायला चाललो आहे. स्पेनचं लढाऊ विमान सोबतीला उडालं. त्याचा खर्च म्हणून सुमारे 95,000 युरो मागितले होते. 2024 च्या जानेवारीत कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. ताईला वाटलं मला धीर येईल. मी महिने मोजले. दीड वर्ष. त्याच्या घरच्यांनी ते दीड वर्ष कसं काढलं असेल?

तुझा पासपोर्ट अजून व्हायचा आहे, पोलीस पडताळणी गावातच येईल. पाटलांना आधी सांगून ठेवू का? की सांगितल्यानं उलट चर्चा होईल? तू म्हणशील तसं करतो.

आईचं मी सांगितलं, माझंही सांगतो. तू पहिल्यांदा विमानानं आलास, त्या वेळचा बोर्डिंग पासचा तुकडा माझ्याकडे आहे. तू खिशातून काढून अंगणात टाकला होतास. मी उचलला. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली, चिमट्यानं भोकं पाडली; माझ्या पोराच्या नावाचं छापील तिकीट पहिल्यांदाच हातात आलं होतं. रजेच्या कागदांच्या पेटीत ठेवलं आहे. त्यावरची शाई उडत चालली, नाव अजून वाचता येतं. आजीला मी ते दाखवलं होतं. तिनं हात फिरवून विचारलं, "याच्यात बबलूचं नाव कोठीसा हाये?" मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

रविवारी मी म्हटलं की तुझी जीभ तुला खाईल. ते मागे घेतो. काका गेल्यापासून या घरात हसवणारा तू एकटाच आहेस. आजी शेवटच्या आठवड्यात फक्त तुझ्या फोनला हसायची. तू सावरून बोलावंस असं वाटतं, आणि तू बोलायचाच बंद होशील याची भीती वाटते. काल आईनं फोनवर भाजी काय केली विचारलं आणि तू नुसतं "वांगं" म्हणालास, तेव्हा ती फोन ठेवून किती वेळ तशीच बसली होती.

वेचणी पंधरा दिवसांत आटपेल. मग मी पुण्याला येतो, ट्रॅव्हल्सनं नाही, आपल्या एसटीनं, मला सवलत आहे. समितीनं बोलावलं तर मी सोबत येईन. आत येऊ दिलं नाही तर बाहेर बसेन.

आणि तो डबा त्यांनी परत दिला का? आई रोज विचारते. झाकणावर काकांचं नाव कोरलेला आहे तो.

तुझे,
बाबा