तिकीट बदललंय, रागावू नका

आई, बाबा,

फोनवर सांगायला गेले तर बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतील आणि आई जेवलीस का विचारेल, मुद्दा राहील बाजूला, म्हणून लिहूनच पाठवतेय. आईने मोठ्याने वाचायचं, बाबांनी मध्ये बोलायचं नाही.

तुमचं मुंबई-न्यूयॉर्क सरळ विमानाचं तिकीट मी बदललंय. आता मुंबईहून अबूधाबी आणि तिथून न्यूयॉर्क. पैसे भरून झालेत, जुन्याचे परत येताहेत, त्यामुळे "सरळ असताना वाकडं कशाला" हे वाक्य मला इथेच ऐकू आलं असं समजा. बाबा, तुम्ही त्या एजंटकडे दोनदा जाऊन, खिडकीची सीट मागून ते तिकीट काढलं होतंत हे मला माहीत आहे. खिडकीची सीट याही विमानात घेतलीय. आधी ती घेतली आणि मग पैसे भरले.

आता कारण ऐका. सरळ विमानात पंधरा-सोळा तास बसायचं आणि उतरल्यावर पासपोर्टची लाईन. एकाच वेळी चार देशांची विमानं उतरतात, तो हॉल भरलेला असतो, आणि बसायला एक खुर्ची नाही. मागच्या वेळी आई त्या लाईनीत खांब दिसेल तिथे टेकत टेकत आली आणि बाहेर आम्हाला बघून म्हणाली, काही नाही गे, विमानात पाय सुजतातच. घरी मोजे काढताना बघितले ते पाय मी. बोलले नाही तेव्हा, पण डोक्यातून गेलं नाही.

अबूधाबीला काय आहे, तर अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्सवाले तिथेच बसतात, 2014 पासून. प्रीक्लिअरन्स म्हणतात. म्हणजे पासपोर्ट, बोटांचे ठसे, फोटो, प्रश्न, सगळं विमानात चढायच्या आधी. न्यूयॉर्कला उतरलात की आपल्या गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरल्यासारखं, बॅगा घ्यायच्या आणि बाहेर, आम्ही समोर उभे. दुबईला ही सोय नाही, लंडनला नाही, युरोपात फक्त आयर्लंडमध्ये आहे, म्हणून अबूधाबी. लाईन तिथेही असतेच, पण ती तीन-साडेतीन तासांच्या प्रवासानंतर आणि दुपारच्या झोपेइतकं अंग ताजं असताना, पंधरा तासांनी नव्हे. आणि हो, मधला वेळ मी मुद्दाम जास्त ठेवलाय. तासाभराचंही कनेक्शन मिळत होतं, स्वस्तही होतं, पण तिथे सिक्युरिटी पुन्हा होते आणि आईला धावत गेट गाठायला लावायचं नाहीये मला. बाथरूम आहे, चहा मिळतो (आपल्यासारखा नाही, पण गरम असतो), व्हेज जेवण दोन्ही विमानांत सांगून ठेवलंय, सोमवार असला तरी अडचण नाही.

बाबा, तुम्ही पेपरातलं कात्रण पाठवलेलंत ना, इमिग्रेशनच्या फास्ट ट्रॅकचं, ते मी वाचलं. चांगली योजना आहे, जून 2024 मध्ये दिल्लीला सुरू झाली, जानेवारी 2025 मध्ये मुंबईला आली, आपल्या लोकांना फुकट आहे आणि एकदा झालं की पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत चालतं. वेबसाईटवर तुमचा फॉर्म भरून टाकलाय. मंजूर झाला तर ठसे द्यायला बोलावतील, तेव्हा बघू. पण ती मुंबईच्या गेटापुरती, अमेरिकन साहेबाला तिचं काही नाही. त्यांचं वेगळं ग्लोबल एंट्री म्हणून आहे, भारतीयांना 2017 पासून मिळतं, पण 120 डॉलर, पोलीस व्हेरिफिकेशन, वर मुलाखत. तुम्ही दर वर्षी यायचं कबूल करा, लगेच भरते.

आता दुसरी गोष्ट, आणि ही वाचताना बाबांनी पाणी प्यावं. दोघांसाठी व्हीलचेअर सांगितलीय. दोघांसाठी. तुम्ही बोडगेश्वराला चालत जाता, रोज सकाळी माडांना पाणी घालता, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या आणता, सगळं मान्य. ही चालता येत नाही म्हणून नाहीये, विमानतळ लांब असतो म्हणून आहे, तिकिटावर तसंच लिहिलंय. त्या खुर्चीचा माणूस तुम्हाला सिक्युरिटीतून, पासपोर्टच्या खिडकीपाशी, थेट गेटापर्यंत नेतो, पाट्या वाचायला नकोत की कुणाला विचारायला नको. तिथे आपल्या ओळखीचं कोणी नसतं बाबा, आणि असलं तरी तेही खुर्चीतच असतील. एक खुर्ची घेऊन तुम्ही बाजूने चालत गेलात तरी चालेल, पण आईच्या खुर्चीमागून भरभर चालावं लागेल एवढं लक्षात ठेवा. निघताना त्या माणसाच्या हातावर काहीतरी ठेवा, सुटे डॉलर पाकिटात घालून पाठवतेय.

जत्रेला मला नेताना तुम्ही फ्रॉकच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी घालायचात, आठवतं? आणि खाजें घेऊन दिल्याशिवाय मी हात सोडायचे नाही, मग चिकट हाताने तुमचा शर्ट धरायचे. आता चिठ्ठ्या मी केल्यात. माझा पत्ता, फोन, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट. एक आईच्या पर्समध्ये, एक बाबांच्या वरच्या खिशात. साहेबाने विचारलं कशाला आलात, तर मुलीला भेटायला, तीन महिने, बस. जावई काय करतो, नातवाला कितवा नंबर आला, गोव्यात कुठे फिरायला यावं, हे तो विचारणार नाही. बाबा, प्लीज.

ठशांचं आईला सांगते. इतकी वर्षं आदोळीवर नारळ खवून आणि भांडी घासून तुझ्या बोटांवरच्या रेघा पुसल्यात गे, आधारच्या वेळीही मशीन घेत नव्हतं. म्हणून आठवडाभर आधीपासून रात्री क्रीम लाव, आणि त्या दिवशी बोटं कोरडी करून पुसून घे. तेल नको, तेलाने घसरतं.

खाण्याचं. मला माहीत आहे तू आत्ताच डबे बाहेर काढले असशील. भाजलेले काजू आण, सोलां (आमसुलं) आण, पापड आण, चण्याच्या डाळीचं गोड दोस आण. लोणचं घट्ट झाकणाचं, मोठ्या बॅगेत. मानकुराद अजिबात नाही, एकही नाही, पिशवीत गुंडाळूनही नाही. भारतातला आंबा 2007 पासून अमेरिकेत विकायला येतो खरा, पण तो तिकडून किरणं मारून, शिक्के घेऊन येतो, आपल्या परसातला येत नाही. मिरचीचं बी, अबोलीचं रोप, असलंही काही नको. घरचा शागुतीचा मसाला तर मुळीच नको, त्यात खसखस असते आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे, अफूच्या झाडाची म्हणून. सुके बांगडे अमेरिकेत कायद्याने चालतात, पण त्या वासाची बॅग उघडून दाखवायची हौस असेल तरच आण. (चार आण. नीट बांधून.) आणि खायचं काही आहे का विचारलं तर हो म्हणायचं, लपवायचं नाही. हो म्हटलं की फार तर बघतात आणि सोडतात, नाही म्हणून सापडलं तर दंड.

बीपी आणि शुगरच्या गोळ्या स्ट्रिपसकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत नाही. बाबा "दोन्हीकडे थोड्या थोड्या" म्हणतील, आई, तू ऐकू नकोस. स्टीलची बाटली सिक्युरिटीआधी रिकामी करायची, पलीकडे भरून मिळते.

मुंबईला आदल्या दिवशी पोचून आत्याकडे झोपायचं आहे, तिला सांगितलंय. ती जास्त जेवायला घालेल, बाबांनी रात्री हलकंच खावं. रविवारी मी फोन करते, तोवर बाबांचा राग उतरला असेल तर बोलू, नसेल तर आईकडूनच पासपोर्टचा फोटो मागवून घेते, पहिल्या पानाचा, यावेळी बोट मध्ये न येता.

तुमची,
बाय