सिग्नल हँडलर समजावून देणाऱ्या दादांना थँक्यू

दादा, त्या रात्री कॉलवर नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

माझा सी मधला मल्टीथ्रेड सर्व्हर दोन आठवडे छळत होता. कंट्रोल सी दाबलं की बहुतेक वेळा नीट बंद व्हायचा, पण कधीतरी एकदम गोठायचा, ना एरर ना काही, शेवटी किल -९ मारावं लागायचं. मी सगळा कोड पिंजून काढला, फक्त सिगइंटच्या (कंट्रोल सी दाबल्यावर येणारा सिग्नल) हँडलरकडे, म्हणजे तो सिग्नल आला की चालणाऱ्या फंक्शनकडे, बघितलं नाही कारण त्यात होतंच काय, एक प्रिंटएफ आणि मोठ्या बफरची मेमरी परत देणारं फ्री. तुम्ही गोठलेल्या प्रोसेसला जीडीबी (डीबगर) लावायला सांगितलंत आणि बॅकट्रेसची, म्हणजे कुठलं फंक्शन कुठून चालू झालं त्या यादीची, एकेक ओळ माझ्याकडून वाचून घेतलीत. खाली थ्रेड मॅलॉकच्या (मेमरी मागणारं फंक्शन) आत, लॉक धरलेलं, मध्येच सिग्नल आला म्हणून त्याच्यावर हँडलर, आणि हँडलरमधलं फ्री तेच लॉक मागत बसलेलं. लॉक सोडणारा थ्रेड हँडलर संपायची वाट बघतोय आणि हँडलर लॉकची, मग कसं सुटणार!

सिगकिल (किल -९ वाला सिग्नल) आणि सिगस्टॉप (प्रोसेस थांबवणारा) पकडता येत नाहीत हे सगळेच शिकवतात, पण हँडलरमध्ये काय करू नये हे मला तुमच्याआधी कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आता हँडलरमध्ये फक्त व्होलाटाइल सिग_ॲटॉमिक_टी फ्लॅग १ करतो, साफसफाई मेन लूपमध्ये. आणि हँडलर जोडायला सिग्नल() ऐवजी सिगॲक्शन लावून एसए_रीस्टार्ट (अडकलेला कॉल आपोआप परत चालू करणारा पर्याय) मुद्दाम काढायला लावलंत ते बरं झालं, नाहीतर फ्लॅग लागला तरी अडकलेलं रीड परत चालू होऊन तसंच बसलं असतं, आता ते ईइंटर (सिग्नलने मध्येच थांबवलं असा एरर) देऊन बाहेर येतं. बाकीच्या थ्रेडमध्ये सिगइंट ब्लॉक केलाय.

जाता जाता तुम्ही सिगचाइल्डचं (चाइल्ड प्रोसेस संपली की येणारा सिग्नल) बोललात ना, की साधे सिग्नल रांगेत साठत नाहीत, पाच चाइल्ड एकदम मेले तरी हँडलर एकदाच चालू शकतो? माझ्या दुसऱ्या प्रोग्राममधले झॉम्बी (संपूनही यादीत राहिलेले चाइल्ड) त्यामुळेच होते, वेटपिड (संपलेले चाइल्ड गोळा करणारा कॉल) डब्ल्यूनोहँग (वाट न बघता परत ये) देऊन लूपमध्ये टाकल्यावर सगळे गेले.

काल स्क्रिप्टने १००० वेळा सर्व्हर चालू करून सिगइंट पाठवला, एकदाही गोठला नाही. सिगटर्मलाही (साध्या किलने येणारा बंद हो सिग्नल) तोच हँडलर लावलाय, तुम्ही म्हणाला होतात तसा.