ट्रिगर घासून नेम सुधारत नाही

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आमच्या रेंजवर मुलांची, आणि मुलांहून अधिक पालकांची, ये-जा वाढली आहे. पूर्वी पालक विचारत, ‘याला जमेल का?’ आता विचारतात, ‘ट्रिगर किती ग्रॅमचा ठेवायचा, प्राइमर कोणता घ्यायचा, आणि सुटे भाग आणून रायफल घरीच जुळवली तर स्वस्त पडेल का?’ ग्रॅम म्हणजे ट्रिगर सुटायला लागणारा दाब, आणि प्राइमर म्हणजे काडतुसातील दारू पेटवणारी छोटी टोपी. हे प्रश्न बहुधा अमेरिकेतील हौशी मंडळींचे व्हिडिओ पाहून येतात. तिथे स्वतःच्या वापरासाठी रायफल जुळवणे आणि काडतुसे घरी भरणे हा अनेकांचा रीतसर छंद आहे. त्यामुळे त्यांच्या चर्चेत हे प्रश्न शोभतात. आपल्याकडे ते जसेच्या तसे उचलले, तर काय होते हे सांगण्यासाठी हे पत्र.

प्राइमरचा प्रश्न थोडक्यात मिटतो. ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात वापरले जाणारे पॉइंट टू टू चे काडतूस रिमफायर जातीचे असते. त्याला बुडाच्या मध्यभागी बसवलेली वेगळी टोपी नसतेच. पेट घेणारे मिश्रण पितळी नळीच्या कडेच्या पोकळ घडीत कारखान्यातच भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आदळली की ते पेटते. म्हणजे नेमबाजाला प्राइमर निवडण्याची सोयच नाही. तो निवडतो ती काडतुसांची लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र तयार झालेली खेप. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमधील काडतुसे एकाच रायफलीतून वेगवेगळा ग्रुप (निशाण्यावरील छिद्रांचा पुंजका) देतात, आणि ज्या निशाण्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर आहे, तिथे हा फरक पदकाइतका महाग पडू शकतो. म्हणून मोठे नेमबाज रायफल, किंवा निदान तिची नळी, काडतुसांच्या कारखान्यात नेऊन लॉट तपासून घेतात. पालकांनी चौकशी करायचीच असेल तर ती लॉटची करावी.

घरी रायफल जुळवण्याविषयी कायदा काय सांगतो, तेही स्पष्ट असावे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार अग्निशस्त्र किंवा दारूगोळा तयार करणे, त्यात फेरफार करणे, एवढेच नव्हे तर तो दुरुस्त करण्याचा व्यवसाय करणे यासाठीही परवाना लागतो. आणि या कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे व दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. ‘आम्ही खेळासाठीच करतोय हो’ हे उत्तर तिथे कामाला येत नाही.

आता ट्रिगर. मराठीत याला कोणी चाप म्हणतो, कोणी घोडा; रेंजवर मात्र सगळेच ट्रिगर म्हणतात, म्हणून तोच शब्द वापरतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा आणि २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो. नळी उभी धरून ट्रिगरला तेवढे वजन लावतात आणि ट्रिगर न सुटता ते उचलले गेले पाहिजे. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल यांना मात्र अशी किमान मर्यादा नाही. ही सवलत ऐकली की पालकांचे डोळे चमकतात. जितका हलका तितका चांगला, असा सोपा हिशेब ते मांडतात.

तो हिशेब चुकतो, कारण बोटाला वजनापेक्षा खात्री हवी असते. स्पर्धेच्या रायफलीत साधारणपणे दोन टप्प्यांचा ट्रिगर असतो: पहिला टप्पा सैल, मग जाणवेल असा थांबा, आणि त्यानंतर किंचित दाबाने सुटणारा दुसरा टप्पा. हा थांबा प्रत्येक वेळी त्याच जागी आणि त्याच दाबावर भेटला, तरच मुलाला श्वास, होल्ड (रायफल स्थिर धरणे) आणि बोट यांची सांगड घालता येते. ज्याचे बोट अजून तयार झालेले नाही, अशा नवशिक्याला अतिहलका ट्रिगर दिला की गोळी त्याच्या मनाआधी सुटते. मग तो बोट ट्रिगरपासून दूर ठेवू लागतो, शेवटच्या क्षणी झटका देतो, आणि ही खोड मोडायला वर्ष लागते. मी स्वतः नव्या मुलांना पहिले काही महिने मुद्दाम थोडा जड ट्रिगर देतो. पालक नाराज होतात, होऊ द्यात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गृहस्थांनी मुलाच्या रायफलीचा ट्रिगर ओळखीच्या लेथवाल्याकडून आतून घासून घेतला. ज्या दोन पोलादी कडा एकमेकींना अडवून धरतात, त्यांवरचा कठीण थर निघून गेला. बाहेरून काहीच दिसत नव्हते. दुसऱ्याच दिवशी मुलाने काडतूस भरून बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) बंद करताच, बोट ट्रिगरजवळही नसताना, गोळी सुटली आणि लेनपुढच्या मातीत घुसली. नळी निशाण्याच्या दिशेने होती, म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्या मुलाचे वय चौदा होते. त्यानंतर तो महिनाभर रायफलीला हात लावायला तयार नव्हता. मुळात त्या ट्रिगरला वजन, पहिल्या टप्प्याची लांबी आणि थांब्याची जागा यांसाठी उत्पादकाने स्क्रू दिलेलेच होते. माहितीपुस्तिका आणि एक छोटी किल्ली, एवढ्यावर पंधरा मिनिटांत काम झाले असते.

आपल्या क्रीडा पानावर नेमबाजीला अलीकडे चांगली जागा मिळते, याबद्दल आभार. खेळाडूच्या रायफलीची किंमत त्यात हमखास छापली जाते. सोबत एवढेही छापावे, की ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही व सुरुवात तिच्यावरच करावी. आणि ट्रिगरचे वजन तपासायचे असेल तर मुलाला लेथवाल्याकडे न नेता रेंजवर आणावे, तिथे प्रमाणित वजने असतात आणि तपासणीला पैसे पडत नाहीत, निदान आमच्याकडे तरी.

आपला विश्वासू,
एक रायफल प्रशिक्षक,
कोल्हापूर